उचंत खात्यातला कोळी

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' नावाचा एक रकाना असतो. शहरात वाढलेल्या पुष्कळांनी तो पाहिलेला नसेल; पाहिला असला तरी त्यावर नजर ठरलेली नसेल. शेताच्या पोटातच असलेली, पण नांगराखाली येऊ न शकणारी जमीन म्हणजे पोटखराबा. त्यात खडक येतो, मुरूम येतो, ओघळ येतो, बांधाकडेची काटेरी झुडपे येतात. मी तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली, त्यांतली बरीचशी पर्जन्यछायेतल्या तालुक्यांमधल्या शाखांत. कर्जाचा अर्ज आला की पहिले काम सातबारा वाचण्याचे. एकूण क्षेत्रातून पोटखराबा वजा करायचा आणि उरेल तेवढ्यावर पिकाचा, पर्यायाने माणसाच्या पतीचा अंदाज बांधायचा. यात गैर काही नव्हते. बँकेचा हिशेब पिकाशी असतो आणि खडकावर पीक येत नाही.

एखाद्या हिशेबात जे शून्य असते, ते सगळ्याच हिशेबांत शून्य असते असे मात्र नाही. आज लिहायचे आहे ते याबद्दल, आणि निमित्त आहे चार मिलिमीटर लांबीचा एक कोळी.

सरकारी भाषेत माळरानाला मान कधीच नव्हता. देशातल्या पडीक जमिनींचा एक नकाशासंग्रह केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग प्रसिद्ध करतो. २०१९ च्या आवृत्तीप्रमाणे देशाच्या भूभागापैकी जवळजवळ १७ टक्के जमीन पडीक आहे. या पडीक जमिनीचे जे प्रकार पाडले आहेत, त्यांत 'दाट झुडपांची जमीन' आणि 'विरळ झुडपांची जमीन' असे दोन प्रकार आहेत. म्हणजे झुडपे दाट असली तरी पडीक, विरळ असली तरी पडीक! सुप्याचा माळ, नान्नजचा माळ, रेहेकुरीचा माळ, हे सगळे याच जातकुळीतले. या तीन ठिकाणी अभयारण्ये झाली ती चिंकारा, माळढोक आणि काळवीट यांच्या पुण्याईवर. बारामती तालुक्यातले सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य पाचएक चौरस किलोमीटरचे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी त्याच्याही निम्म्याहून लहान. कुंपणापलीकडचा माळ मात्र तसाच असूनही बेवारस.

बेवारस म्हणावे तर तिथे वस्ती दांडगी. हिवर, बोर, बाभूळ, तरवड, हेकळ ही झुडपे. पवन्या, मारवेल आणि पायजम्याला चिकटून घरापर्यंत येणारे कुसळ. खोकड, लांडगा, माळटिटवी, धाविक, चंडोल. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या कुठल्याही धनगराला विचारा, तो यांतल्या प्रत्येकाचे नाव सांगेल आणि वर एखादी गोष्टही. पण गवताच्या बुडाशी, दगडाच्या सावलीत आणि वाळक्या पानांखाली जी वस्ती आहे, तिच्यातल्या कित्येकांना नाव नाही. धनगरापाशी नाही आणि विद्यापीठापाशीही नाही.

माझ्या एका जुन्या मित्राची मुलगी प्राणिशास्त्राची अभ्यासक आहे. तिचा विषय कोळी. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात सुप्याजवळच्या, अभयारण्याबाहेरच्या एका माळावर तिच्याबरोबर हिंडण्याचा योग आला. निवृत्त माणसाला सकाळ रिकामी असते आणि कादंबरीकाराला कुतूहल असते. एवढी कारणे पुरली. तिची हत्यारे पाहून मला मौज वाटली. एक पांढरी छत्री, एक चाळणी, काही छोट्या बाटल्या आणि एक रंगकामाचा मऊ कुंचला. छत्री उलटी धरायची आणि झुडपाच्या फांदीवर काठीने हलके ठोके द्यायचे. जे काही खाली पडेल ते छत्रीत. जमिनीवरच्यांसाठी मात्र गुडघे टेकण्यावाचून गत्यंतर नाही.

तासाभराने तिने मला हाक मारली. "काका, हळू या. सावली पडू देऊ नका." मुरमाच्या दोन खड्यांमध्ये काळपट, अंगावर फिकट पट्टे असलेले काहीतरी होते. ते थांबले, वळले आणि त्याने माझ्याकडे पाहिले. होय, पाहिले. उडी मारणाऱ्या कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांतले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. बहुतेक कोळ्यांचे जग स्पर्शाचे आणि कंपनांचे. यांचे जग दृष्टीचे. हे भक्ष्यासाठी जाळे विणत बसत नाहीत. नजरेने सावज हेरतात, मांजरासारखे दबकत जातात आणि झेप घेतात. पायांतल्या स्नायूंच्या जोरावर नव्हे, तर शरीरातल्या द्रवाचा दाब एकदम पायांत वाढवून ही झेप घेतली जाते. गंमत अशी की उडी मारण्यापूर्वी हा प्राणी रेशमाचा एक धागा मागे चिकटवून ठेवतो. नेम चुकलाच तर लोंबकळायला आधार. आधी तारण, मग उचल! इतका सावध कर्जदार मला नोकरीत क्वचितच भेटला.

"नवा आहे का गं?" मी विचारले. नवशिक्याचा ठरलेला प्रश्न.

"अजून वयात आलेला नाही, काका. वयात आल्याशिवाय काही सांगता येत नाही."

तो कोळी बाटलीत बसून पुण्याला गेला. त्याला छोट्या माश्या खाऊ घालण्यात आल्या. काही आठवड्यांनी त्याने शेवटची कात टाकली आणि तो पूर्ण वाढीचा नर झाला. मग सुरू झाले ते काम पाहताना मला राहून राहून माझी बँक आठवत होती.

बँकेत खाते उघडताना नमुना सहीचे कार्ड भरून घेतात. पुढे धनादेश आला की त्यावरची सही त्या कार्डाशी ताडून पाहायची. माणसाचा चेहरा, कपडे, ऐट यांवर जायचे नाही. सही जुळली पाहिजे. कोळ्यांचेही अगदी असेच आहे. रंग, पट्टे, केसांची नक्षी यांवरून ओळख पटत नाही. ते वयाप्रमाणे बदलतात, एकाच जातीत निरनिराळे असतात आणि दोन वेगळ्या जातींत हुबेहूब सारखेही असू शकतात. कोळ्याची सही असते त्याच्या जननेंद्रियांत. नराच्या तोंडाजवळ पायांसारखी दिसणारी दोन आखूड उपांगे असतात. शास्त्रीय मराठीत त्यांना पादमृश म्हणतात. त्यांच्या टोकाशी जी सूक्ष्म रचना असते, तिचे काटे, वळसे आणि फुगवटे बहुधा प्रत्येक जातीत वेगळे. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला त्याच्याशी जुळणारी रचना असते. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवतात, सूक्ष्मदर्शकाखाली हा भाग सोडवून घेतात आणि मादीचा असेल तर तो पारदर्शक व्हावा म्हणून एखाद्या रसायनात ठेवतात. या कामी लवंगेचे तेलही चालते, हे ऐकून माझ्या पत्नीला फार समाधान वाटले. दातदुखीपलीकडेही त्या बाटलीला भविष्य आहे तर!

सही तर मिळाली. आता ताडायची कशाशी? खरी मेहनत इथून पुढे. कार्ल क्लार्क नावाच्या स्वीडिश गृहस्थाने १७५७ साली स्वीडनच्या कोळ्यांवर पुस्तक लिहिले. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा शक धरला जातो तो लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून. पण कोळ्यांपुरता अपवाद करून क्लार्कच्या नावांना मान दिलेला आहे. तेव्हापासून आजवर जगात कुणीही, कुठल्याही भाषेत, कोळ्याच्या एखाद्या जातीचे वर्णन केले असेल, तर ते पाहिल्यावाचून 'नवा' हा शब्द उच्चारता येत नाही. आपल्याकडचे मोठे दप्तर म्हणजे पोकॉक यांचा १९०० सालचा ब्रिटिश हिंदुस्थानातील अष्टपादांवरचा ग्रंथ. स्वातंत्र्यानंतर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर यांनी या विषयाला वाहून घेतले. त्यांचे भारतीय कोळ्यांवरचे हस्तपुस्तक १९८७ चे. आता स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयात कोळ्यांची जागतिक सूची ठेवली जाते. एप्रिल २०२२ मध्ये त्या सूचीत पन्नास हजारावी जात नोंदली गेली. ती होती दक्षिण अमेरिकेतली आणि योगायोगाने उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्याच कुलातली. या एका कुलातच सहा हजारांहून अधिक जाती आहेत. कोळ्यांमधले हे सर्वांत मोठे कुल.

शिवाय आपल्याच देशाचे दप्तर पाहून भागत नाही. कोळ्याला सरहद्द ठाऊक नसते. दख्खनच्या माळाचे नाते अरबस्तानाशी आणि आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांशीही लागते. जमिनीवर राहणाऱ्या लहानशा उड्या कोळ्यांचा लँजेलुरिलस नावाचा एक वंश तोवर आफ्रिकेतलाच समजला जात होता. २०१७ साली त्यातल्या नव्या जाती भारतातून नोंदल्या गेल्या. तेव्हा सुप्याचा कोळी ओळखायचा तर केनियाची आणि येमेनची कागदपत्रेही चाळायला हवीत.

आणि ताडून पाहताना सापळे अनेक. जुनी वर्णने कधी चार ओळींची, चित्राशिवाय. कधी एकच जात दोन नावांनी नोंदलेली, म्हणजे एकाच इसमाची दोन खाती. आपल्या घराच्या भिंतीवर माश्या टिपणारा जो ओळखीचा उड्या कोळी आहे, त्याचे वर्णन १८२६ साली इजिप्तच्या नमुन्यांवरून झाले. पुढे निरनिराळ्या देशांतल्या विद्वानांनी त्याला नवा समजून पुन्हा पुन्हा नावे दिली आणि नंतरच्यांनी ती एकेक करून पहिल्या खात्यात वर्ग केली. कधी एखाद्या जातीची फक्त मादीच ठाऊक असते. मग हाती आलेला नर हा नवा, की त्या बाईंचा आजवर न सापडलेला यजमान, हे ठरवायचे कसे? एकाच जागी दोघे मिळाले, जनुकांची तुलना करता आली, तर उलगडा होतो. नाहीतर वाट पाहायची.

इतके सगळे होऊनही सही कुठल्याच कार्डाशी जुळली नाही, तर त्या कोळ्याचे काय होते? बँकेत एखादी रक्कम आली आणि ती कोणाची हे कळले नाही, तर ती उचंत खात्यात टाकतात. रक्कम खरी असते, मोजलेली असते. फक्त धनी ठरलेला नसतो. आमच्या वेळी उचंत खात्यातली नोंद फार दिवस पडून राहिली की तपासनीस ती लाल शाईने अधोरेखित करत. निसर्गविज्ञानाचे उचंत खाते मात्र प्रचंड आहे आणि तपासनीस कोणीच नाही. नमुना गोळा झाल्यापासून त्याचे नवी जात म्हणून वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी किती काळ जातो, याचा हिशेब पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या संशोधकांनी २०१२ साली मांडला. उत्तर आले २१ वर्षे! म्हणजे बाटलीत पडलेल्या प्राण्याला नाव मिळेपर्यंत एक पिढी उलटते. कारण साधे आहे. हे काम किचकट, त्यात पैसा नाही, आणि जीवशास्त्राच्या नव्या झगमगाटात प्राण्यांचे वर्गीकरण शिकायला येणारी मुले थोडी. नमुने गोळा करणारे हात पुष्कळ, सही ताडणारे डोळे मोजके.

खाते एकदाचे उघडते तेव्हा मात्र ते शिस्तीत उघडते. वर्णन छापावे लागते, आकृत्या द्याव्या लागतात, आणि ज्या एका नमुन्यावर ते नाव टेकलेले असते, तो संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. पुढे दीडशे वर्षांनी कुणाला शंका आली, तर हेच ते नमुना सहीचे कार्ड. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यातही तरतूद आहे की, नवी जात शोधणाऱ्याने ती नेमून दिलेल्या संस्थेला कळवावी आणि नमुना तिथे जमा करावा. या जमा नमुन्याला शास्त्रज्ञही 'व्हाउचर'च म्हणतात, हे कळले तेव्हा मला आपल्याच गावचा माणूस परदेशात भेटल्यासारखे झाले.

नाव देण्याचा मान वर्णन करणाऱ्याचा. स्वतःचे नाव देण्याची पद्धत नाही. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उड्या कोळ्याचे नाव ठेवले गेले 'इसियस तुकारामी'. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हाताने धरून ठेवणारे आणि मरणोत्तर अशोकचक्राने गौरवले गेलेले तुकाराम ओंबळे, त्यांचे हे स्मरण. लॅटिन व्याकरणात 'तुकारामी' ही षष्ठी, अर्थ 'तुकारामाचा'. त्याआधी २०१९ मध्ये मुंगीची नक्कल करणाऱ्या एका कोळ्याला सचिन तेंडुलकर यांचे नाव मिळाले होते. अशा बातम्या वाचून आपण हसतो, कौतुक करतो आणि पान उलटतो. त्या नावामागे सूक्ष्मदर्शकावर घातलेली किती वर्षे आहेत, ते बातमीत मावत नाही.

आता तो प्रश्न, जो हे वाचताना तुमच्या मनात केव्हाच आला असेल. एवढा खटाटोप करून मिळवायचे काय? चार मिलिमीटरच्या कोळ्याला नाव असले काय आणि नसले काय. त्याचे त्याला सोयरसुतक नाही.

नाव म्हणजे सर्वस्व, असे मी म्हणणार नाही. नावाने कधी उपद्रवही होतो. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती स्थानकाच्या लाकूडवखारीत एक निळ्याशार रंगाचा मोठा कोळी मिळाला होता. पोकॉक यांनी १८९९ साली त्या एकाच नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. तो बहुधा लाकडांबरोबर दुसरीकडून आलेला असावा, कारण त्यानंतर शंभर वर्षे तो कुणाच्या दृष्टीस पडला नाही. २००१ साली तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात पुन्हा सापडला. आज तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे, आणि दुसरीकडे परदेशांत हौशी लोक तो काचेच्या पेटीत पाळतात. नाव झाले की गिऱ्हाईकही येते.

तरीही या गोष्टीची दुसरी बाजू मला महत्त्वाची वाटते. १८९९ साली ते नाव पडले नसते, तर २००१ साली 'पुन्हा सापडला' असे म्हणता आले नसते. त्याचे जंगल आक्रसते आहे, हेही सांगता आले नसते. हरवल्याची फिर्याद द्यायची तर आधी नाव लागते. बिननावाचा प्राणी नाहीसा झाला, तर त्याची नोंद कुठल्या वहीत करणार?

आणि माळावर नेमके हेच घडते आहे. जंगल तोडायला निघाले की चार माणसे आडवी येतात. माळ मोडायला निघाले की कुणी विचारत नाही, कारण कागदावर ती जागा आधीच पडीक आहे. तिथे भूखंड पडतात, मुरूम उपसला जातो, सौर पट्ट्यांच्या रांगा उभ्या राहतात. कधी तर चांगल्या हेतूनेच खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावली जातात आणि शाळेची मुले टाळ्या वाजवतात. वीज हवी, घरेही हवीत. मी संन्यासी नाही. झाडे लावण्यालाही माझा विरोध नाही. परंतु उन्हावर, उघड्या मुरमावर आणि विरळ गवतावर ज्यांचा संसार उभा आहे, त्यांना सावली हा वरदहस्त नसतो. माळ म्हणजे मोडलेले जंगल नव्हे. त्याचा आपला स्वतंत्र घाट आहे. सह्याद्रीच्या हिरव्या उतारांवर अभ्यासकांची वर्दळ असते, ती असावीच. माळाच्या वाट्याला मात्र अजून फार थोडे गुडघे टेकले गेले आहेत.

करता येण्यासारखे बरेच आहे आणि ते फार खर्चाचे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची कपाटे असतात. त्यांतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या निदान वाचता येतील अशा ठेवल्या, तारीख आणि गाव लिहिले, तरी पुढच्या माणसाची दहा वर्षे वाचतील. गावोगावच्या जैवविविधता नोंदवहीत वड-पिंपळाबरोबर माळाचेही एक पान असू द्यावे. वर्गीकरण शिकणाऱ्या मुलामुलींना पदवीनंतर चार वर्षे पोट भरेल एवढी शिष्यवृत्ती मिळावी. आणि सरकारी नकाशात झुडपांच्या जमिनीला 'पडीक' याऐवजी तिचे खरे नाव द्यावे. 'माळरान' हा शब्द काही वाईट नाही.

मित्राच्या मुलीच्या कोळ्याची सही आजपर्यंत कुठल्याही कार्डाशी जुळलेली नाही. मादी मिळालेली नाही. त्यामुळे घाई करायची नाही, असे ती म्हणते. दर पावसाळ्यात ती त्या माळावर जाते. यंदा तिथल्या एका तुकड्यावर सिमेंटचे खांब रोवलेले तिला दिसले. "मादी त्या बाजूला असली तर, काका?" तिने मला विचारले. मी काय सांगणार?

बँकेतली एकच गोष्ट सांगू शकतो. खाते कितीही लहान असो, रक्कम कितीही किरकोळ असो, शिल्लक पाहिल्याशिवाय ते बंद करता येत नाही. माळ विकण्यापूर्वी, खणण्यापूर्वी किंवा सजवण्यापूर्वी तिथे कोण राहते एवढे एकदा पाहून घ्यायला हरकत नसावी. एक पावसाळा लागेल, एक हिवाळा लागेल. त्या जागेला 'काहीच नाही' म्हणण्याचा अधिकार त्यानंतरचा.